इंजिनचे काम केले, तरी ट्रॅक्टर तापतो : कारण कसे शोधावे?



ट्रॅक्टर जुना झाला, धूर सोडू लागला, ऑईल खाऊ लागला म्हणजे आपण इंजिनचे काम करून घेतो. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवीन पडतात, हेडचे फेसिंग होते आणि बरीच मोठी रक्कम खर्ची पडते. ट्रॅक्टर घरी येतो, एका सेल्फमध्ये सुरू होतो, घरातल्या सर्वांना बरे वाटते. मात्र पहिल्याच जड कामाला लावल्यावर तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागतो. विचारावयास गेल्यास एकच उत्तर मिळते, "नवीन इंजिन आहे, थोडे तापणारच. चालवा, आपोआप मोकळे होईल." या उत्तरातील अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा भाग मात्र इंजिन दुसऱ्यांदा खोलायला लावणारा आहे.

मी कृषिविद्या शिकवतो, यंत्रे नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण आमच्या स्वतःच्या शेतावर घडले. आमची शेती सोलापूर जिल्ह्यात, भारी काळ्या जमिनीची. २०१८ साली वडिलांनी ट्रॅक्टरच्या इंजिनचे पूर्ण काम करून घेतले. त्या वर्षी परतीचा पाऊस फारच कमी झाला होता आणि जमिनीतील ओल दिवसेंदिवस खाली चालली होती. रब्बी ज्वारीच्या पेरणीची शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी आहे. कोरडवाहू ज्वारीला त्यातला एकेक दिवस मोलाचा असतो, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. पेरणीपूर्वीची शेवटची पाळी घालताना अर्ध्या तासात काटा वर गेला. मिस्त्रींनी फोनवर चालवत राहण्यास सांगितले, व थर्मोस्टॅट काढून टाका असेही सांगितले. तो मी माझ्या हाताने काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उकळून बाहेर आले आणि हेड गॅस्केट गेले. हेड पुन्हा उतरवणे, फेसिंग, नवीन गॅस्केट यात नऊ दिवस गेले. एवढे करून ट्रॅक्टर पुन्हा तापला!

शेवटी रेडिएटर उतरवून त्याची वरची टाकी काढली, तेव्हा जवळजवळ निम्म्या नळ्या गंज आणि क्षाराने बंद झालेल्या दिसल्या. म्हणजे इंजिन नवीन होते, रेडिएटर मात्र जुनाच होता, व त्याला कोणी हात लावला नव्हता. रेडिएटर साफ होऊन आला त्यास दीड दिवस लागला. तोपर्यंत निम्म्या रानातील वरची ओल उडाली होती. तेथे उगवण विरळ झाली व हाती केवळ कडबा आला. जे काम दीड दिवसाचे होते ते आम्ही अकरा दिवसांचे करून ठेवले. ही चूक आपल्याकडून होऊ नये, यासाठी हा लेख आहे.

उष्णता किती तयार होते व कोठे जाते?

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकाला व पी.टी.ओ.ला शक्ती म्हणून मिळतो. जवळपास तेवढाच भाग धुरावाटे निघून जातो. उरलेला बराचसा भाग पाणी, रेडिएटर व वारा यांच्यामार्फत बाहेर टाकावा लागतो. म्हणजे इंजिन तापते याचे अर्थ दोनच. एक तर उष्णता प्रमाणापेक्षा जास्त तयार होत आहे, किंवा तयार झालेली उष्णता बाहेर जात नाही. तपासणी करताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. झिजलेल्या इंजिनमध्ये दाब कमी झालेला असतो, ते पूर्ण ताकद देत नाही. आपणही ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये, बेताने चालवत असतो. अशा इंजिनला अर्धवट चोंदलेला रेडिएटरही पुरतो. काम केल्यानंतर ताकद परत येते, आपण पूर्वीचा गिअर टाकतो, डिझेल जास्त जळते आणि उष्णताही वाढते. तेव्हा त्याच रेडिएटरची कमतरता उघडी पडते. शिवाय काम करताना ब्लॉकमधील जुना गंज ठोकल्यामुळे सुटतो आणि तो नीट धुऊन काढला नसेल, तर पाण्याबरोबर रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. म्हणून नवीन इंजिन तापले की दोष इंजिनच्या आतच असेल असे धरून चालू नये.

नवीन इंजिनने किती तापावे?

नवीन रिंगा व लायनर एकमेकांस घासून बसेपर्यंत घर्षण थोडे जास्त असते. त्यामुळे पहिले काही तास काटा नेहमीपेक्षा किंचित वर राहू शकतो. पण तो एका जागी स्थिर झाला पाहिजे आणि भार कमी केल्यावर खाली आला पाहिजे. काटा चढतच राहणे, पाणी उकळणे, पाणी कमी होणे, किंवा काम करता करता इंजिनची ताकद उतरणे ही नवेपणाची लक्षणे नाहीत. यांपैकी एकही दिसल्यास काम थांबवावे.

तपासणीचा क्रम

खालील क्रम सोप्याकडून अवघडाकडे व स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. पहिल्या चार गोष्टींसाठी पाने, बादली व एखादा थर्मामीटर पुरतो. दोन तासांत त्या होतात. क्रम सोडून एकदम हेड उतरवण्याची घाई करू नये.

१) काटा खरे सांगतो का? कामाच्या वेळी काट्याचा सेंडर बदललेला असतो. तो दुसऱ्या प्रकारच्या मीटरचा बसवला गेल्यास काटा खोटे तापमान दाखवतो. खात्री करण्यासाठी दुरून तापमान मोजणारे इन्फ्रारेड थर्मामीटर वापरावे. मात्र २०२० च्या करोना साथीत घरोघरी आलेले अंगाचा ताप पाहण्याचे यंत्र येथे चालत नाही. ते साधारण ४२-४३ अंशांपलीकडे वाचत नाही. यंत्रांसाठीचे वेगळे मिळते, ते घ्यावे. चकचकीत धातूवर तेही कमी वाचते, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या रंगाचा ठिपका देऊन तेथे मोजावे.

२) पाणी पूर्ण भरले आहे का? रिकाम्या इंजिनमध्ये पाणी भरताना हेडच्या वरच्या भागात हवा कोंडून राहते. तेथे पाणी पोहोचत नाही, वाफ धरते, आणि रेडिएटर भरलेला दिसूनही काटा उडतो. यासाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हवा काढण्याचा बोल्ट असल्यास तो सैल करावा व पाणी सावकाश भरावे. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेव्हा पाण्याची भर घालून झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा पाहावी.

३) वारा पुरेसा मिळतो का? रेडिएटरच्या पुढील जाळीत व पाकळ्यांत भुसा, गवताचे बी, धूळ अडकते. ती इंजिनच्या बाजूने बाहेरच्या बाजूस, बेताच्या दाबाने हवा किंवा पाणी मारून काढावी. जोराच्या फवाऱ्याने पाकळ्या दुमडतात. पंख्याचा पट्टा दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यास साधारण १० ते १५ मि.मी. दबावा. जास्त दबल्यास तो घसरतो, आणि पट्टा घसरला की पंखा व पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात. पुन्हा बसवताना पंखा उलटा बसला आहे का, व पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे बसवायचे राहून गेले आहे का, हेही पाहावे. इंजिन चालू असताना जाळीपुढे कागदाचा तुकडा धरावा. पंखा हवा आत ओढत असेल, तर तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे.

४) पाणी फिरते का? इंजिन गरम झाल्यावर वरची व खालची रबरी नळी यांचे तापमान पाहावे. कामावर असलेल्या निरोगी इंजिनमध्ये या दोहोंत साधारण ५ ते १० अंशांचा फरक असतो. वरची नळी अतिशय गरम व खालची बरीच थंड असेल, तर पाणी फार मंद फिरत आहे. अशा वेळी थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप किंवा चोंदलेल्या नळ्या यांचा संशय घ्यावा. दोन्ही नळ्या सारख्याच गरम असतील, तर पाणी फिरते, पण वारा उष्णता नेत नाही. खालची नळी मऊ झाली असल्यास इंजिनचा वेग वाढवल्यावर ती आत ओढली जाऊन चपटी होते. तीही डोळ्यांनी पाहावी.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरीच होते. तो दोरीने पातेल्यातील पाण्यात, तळाला न टेकता, सोडावा व पाणी तापवावे. त्यावर जे अंश कोरलेले असतात (बहुधा ८० च्या आसपास) तेथे तो उघडू लागला पाहिजे व पुढे दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. न उघडल्यास नवीन टाकावा. तो काढून टाकणे हा उपाय नव्हे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की बरेचसे पाणी बाजूच्या आडवाटेने परत इंजिनमध्येच फिरते व तापणे उलट वाढते. इतर इंजिनांत इंजिन थंड राहून नवीन लायनर लवकर झिजतात.

५) रेडिएटर आतून मोकळा आहे का? रेडिएटरच्या पुढील भागावर वरपासून खालपर्यंत इन्फ्रारेड थर्मामीटरने ठिकठिकाणी तापमान घ्यावे. तापमान वरून खाली हळूहळू उतरत गेले पाहिजे. मध्येच थंड पट्टे आढळल्यास तेथील नळ्या बंद आहेत असे समजावे. अशा वेळी रेडिएटर उतरवून कारागिराकडून टाकी काढून साफ करून घ्यावा. विहीर-बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने नळ्यांत क्षाराचा थर बसतो. हा थर बिडापेक्षा वीसेक पटीने कमी उष्णता वाहून नेतो. म्हणजे पातळ थरही इंजिनला गोधडी पांघरल्यासारखा होतो. धुण्याच्या सोड्याचे पाणी फिरवण्याची जुनी पद्धत फक्त तांबे-पितळेच्या रेडिएटरसाठी आहे. ॲल्युमिनियमचा रेडिएटर किंवा हेड असल्यास सोडा ते खातो, म्हणून वापरू नये.

६) धुराचा वायू पाण्यात शिरतो का? इंजिन पूर्ण थंड असताना पंख्याचा पट्टा काढावा, रेडिएटर काठोकाठ भरावा, झाकण उघडे ठेवावे व इंजिन सुरू करून वेग थोडा वाढवावा. ही चाचणी एक मिनिटापेक्षा जास्त चालू ठेवू नये. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिल्यास जळालेला वायू गॅस्केटमधून किंवा हेडच्या तड्यातून पाण्यात येत आहे. ऑईलची काडी काढून पाहावी. ऑईल दुधाळ दिसल्यास पाणी ऑईलमध्ये गेले आहे. अशा स्थितीत इंजिन मुळीच चालवू नये, बेअरिंग जातात.

नवीन कामात गॅस्केटचा दोष येण्याची कारणे ठरावीक आहेत. हेडचे बोल्ट योग्य क्रमाने व योग्य ताणाने आवळलेले नसणे, हेड किंवा ब्लॉकचा पृष्ठभाग सपाट नसणे, लायनरची कड ब्लॉकच्या वर पुस्तिकेत दिली आहे तेवढी नसणे, ही त्यांपैकी मुख्य होत. आणखी एक चूक सहज लक्षात येत नाही. काही गॅस्केटची पाण्याची भोके दोन्ही टोकांस सारखी नसतात. असे गॅस्केट उलटे बसल्यास मागील सिलिंडरकडे जाणारे पाणी अडते. गॅस्केटवर वरची किंवा पुढची बाजू छापलेली असल्यास ती पाहूनच बसवावे.

७) उष्णता जास्त तयार होते का? वरील सर्व ठीक असेल, तर डिझेलकडे वळावे. पंपाचे टायमिंग मागे राहिल्यास डिझेल उशिरा जळते, ताकद कमी मिळते, धूर वाढतो आणि सायलेन्सर व पाणी दोन्ही तापतात. टायमिंग फार पुढे गेल्यास इंजिन ठोकते व तरीही तापते. पंप जास्त डिझेल देत असेल किंवा नोझल गळत असेल, तर काळा धूर निघतो. एअर क्लीनर चोंदला असल्यासही धूर काळा होतो, म्हणून आधी तो साफ करावा व मग पंपाला हात लावावा. ब्रेक धरून राहिले आहेत का हेही पाहावे. ट्रॅक्टर सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिल्यास ते कळते.

८) इंजिन घट्ट बसले आहे का? गरम इंजिन बंद करून लगेच सेल्फ मारल्यास ते जड फिरते, थंड झाल्यावर मोकळे फिरते, आणि ऑईलचा दाब गरम झाल्यावर फार उतरतो, अशी लक्षणे असल्यास पिस्टन, रिंगांच्या टोकांतील अंतर किंवा बेअरिंगचे माप चुकले असण्याची शक्यता आहे. हा दोष चालवून मोकळा होत नाही. तो इंजिन जाम करतो. येथे मात्र इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही.

केव्हा तापते, त्यावरून अंदाज

• थंड इंजिन सुरू केल्यावर चार-पाच मिनिटांतच काटा चढतो : हवा कोंडणे, थर्मोस्टॅट बंद राहणे, गॅस्केट.
• उभ्या ट्रॅक्टरवर, कमी वेगात तापते : पट्टा, पंखा, पाण्याचा पंप, चोंदलेली जाळी.
• मोकळे चालताना ठीक, नांगरट किंवा पाळी घालताना तापते : रेडिएटर आतून चोंदलेला, टायमिंग, जादा डिझेल.
• पाणी रोज कमी होते, पण बाहेर गळती दिसत नाही : गॅस्केट, हेडचा तडा, लायनरच्या रबरी रिंगा.
• पाणी उकळते, पण काटा फार वर नसतो : रेडिएटरचे झाकण. झाकण दाब धरते म्हणून पाणी १०० अंशांपलीकडेही उकळत नाही. झाकणाचे रबर खराब झाले की पाणी लवकर उकळते.

हे करू नये

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. वाफेने चेहरा व हात भाजल्याच्या घटना दर हंगामात घडतात. किमान अर्धा तास थांबून, जाड फडके धरून, झाकण आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. काटा वर गेल्यास भार काढून इंजिन काही मिनिटे मंद वेगात चालू ठेवावे. पट्टा तुटला असल्यास किंवा पाणी संपले असल्यास मात्र ताबडतोब बंद करावे.

काम करून घेतानाच घ्यावयाची काळजी

इंजिनचे काम ठरवतानाच रेडिएटर साफ करणे, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, झाकण, रबरी नळ्या व पट्टा यांची तपासणी हे त्याच कामात धरावे व चिठ्ठीवर लिहून घ्यावे. एकूण खर्चात ही भर लहान असते. ब्लॉकमधील पाण्याच्या वाटा धुऊन घ्याव्यात. पाणी भरताना जड पाणी टाळावे. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात कुलंट व शुद्ध पाणी वापरावे.

पहिल्या ५० तासांत ट्रॅक्टर फार जड कामाला लावू नये, तसाच तासन्‌तास रिकामा चालूही ठेवू नये. मध्यम भार, बदलता वेग हे उत्तम. त्यानंतर ऑईल व फिल्टर बदलावे, टॅपेट तपासावेत, आणि पुस्तिकेत सांगितले असल्यास हेडचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. यासाठी इंजिनचे काम पेरणीच्या तोंडावर काढू नये. रब्बीच्या पट्ट्यात ते उन्हाळ्यात किंवा फार तर जुलै-ऑगस्टमध्ये उरकावे, म्हणजे हे ५० तास हलक्या कामांत निघून जातात आणि काही दोष असल्यास तो पेरणीपूर्वी उघड होतो.

मिस्त्रींशी भांडण करून उपयोग नसतो. "ट्रॅक्टर तापतो" एवढेच सांगण्याऐवजी "उभा असताना ठीक आहे, पाळीला वीस मिनिटांत काटा चढतो, बुडबुडे नाहीत, वरची नळी गरम व खालची थंड आहे" असे सांगावे. तपासणी केलेला शेतकरी असे बोलला की चांगला मिस्त्री नेमक्या जागी हात घालतो, आणि उडवाउडवी करणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते.

पेरणी एक आठवडा लांबली तर त्याची भरपाई नंतर कोणत्याही खताने होत नाही. त्यामानाने दोन तासांची तपासणी फारच स्वस्त आहे. तेव्हा काटा वर गेला की ट्रॅक्टर बांधावर घ्यावा, तो थंड होऊ द्यावा, आणि हा क्रम पहिल्या पायरीपासून सुरू करावा.